नऊ महिन्यांनी आलेलं पत्र : बाल्टिमोरचं भाड्याचं घर आणि शिसं

९ एप्रिल १९९३ रोजी बाल्टिमोर शहरातल्या एका लहानग्या मुलीचं रक्त तपासलं गेलं. डेसिलिटरमागे ९ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं तेव्हा चिंतेची रेषा १० वर आखलेली होती, त्यामुळे ९ म्हणजे ठीक, असं धरलं गेलं. १५ सप्टेंबरला पुन्हा रक्त घेतलं तेव्हा आकडा होता ३२. पुढच्या वर्षी २५ मार्चला २२.

मुलगी आईबरोबर भाड्याच्या घरात राहत होती. त्या घरातल्या धुळीचे नमुने मार्च १९९३ मध्येच, म्हणजे पहिल्या रक्ततपासणीच्याही आधी, गोळा झाले होते. घरात कुठे किती शिसं सापडलं हे आईला कळवणारं पत्र मात्र १६ डिसेंबर १९९३ चं आहे. मधे नऊ महिने गेले. त्या वयात नऊ महिने म्हणजे फार मोठा काळ. रांगणारं मूल तेवढ्यात उभं राहतं, खिडकीचा कट्टा धरून बाहेर बघायला शिकतं, आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं.

हा सगळा तपशील मेरीलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, म्हणजे तेव्हाच्या कोर्ट ऑफ अपील्सच्या, १६ ऑगस्ट २००१ च्या निकालपत्रात आहे. खटला होता केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूट या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बालआरोग्य संस्थेविरुद्ध. भाड्याच्या घरांतल्या शिशाच्या एका अभ्यासासाठी तिनंच ते नमुने घेतले होते. त्याच अभ्यासात असलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या कुटुंबाचा दावाही सोबत ऐकला गेला. मुलांची नावं निकालपत्रात आहेत, पण ती इथे देण्याची गरज नाही. हा खटला संशोधनाच्या नीतिमत्तेचा म्हणून शिकवला जातो, आणि तो तसा आहेच. मी मात्र तो प्रत्येक वेळी भाडेकरूचा खटला म्हणून वाचते. घरात काय आहे हे घरमालकाला कळण्याची शक्यता होती, संशोधकांना कळलं, प्रयोगशाळेला कळलं. ज्या आईचं मूल त्या जमिनीवर खेळत होतं तिला सगळ्यांत शेवटी कळलं.

भिंतीत मुरलेला इतिहास

बाल्टिमोर म्हणजे एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा. त्यांतली बरीचशी घरं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली किंवा त्याहून जुनी. त्या काळातला चांगला तैलरंग म्हणजे सफेदा, शिशाचा पांढरा रंग. तो दाट बसायचा, ओल सोसायचा, वर्षानुवर्षं टिकायचा. म्हणून तो दारं, खिडक्या, चौकटी, जिन्याचे कठडे अशा सारखा हात लागणाऱ्या आणि सारखं घर्षण होणाऱ्या ठिकाणी हमखास लावला जाई. वाळलेल्या जुन्या रंगात निम्म्या वजनापर्यंत शिसं असू शकतं.

या शहराला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. १९३० च्या मंदीत गरीब घरांमध्ये बॅटऱ्यांची टाकाऊ खोकी जळण म्हणून वापरली गेली आणि मुलांना शिशाची बाधा झाली. तेव्हापासून बाल्टिमोरचा आरोग्य विभाग या विषयात अमेरिकेतल्या इतर शहरांच्या पुढे होता. १९३५ पासून तिथे रक्तातल्या शिशाची मोफत तपासणी होती. १९५१ मध्ये शहरानं घराच्या आत शिशाचा रंग वापरायला बंदी घातली. सगळ्या देशात अशी बंदी यायला १९७८ साल उजाडलं.

पण बंदी नव्या डब्याला लागू होते, भिंतीवरच्या जुन्या थराला नाही. ज्यांना जमलं ते उपनगरांत निघून गेले. जुन्या घरांमध्ये भाडेकरू उरले आणि त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या प्रमाणावर होती. याच शहरानं १९१० मध्ये कोणत्या वंशाच्या माणसानं कोणत्या गल्लीत राहायचं याचा वटहुकूम काढला होता. तो पुढे टिकला नाही, पण वस्त्यांची वाटणी टिकली. शिशाचा नकाशा आणि त्या वाटणीचा नकाशा वेगळे नाहीत.

खिडकी

शिशाची बाधा म्हटलं की भिंतीचे पोपडे खाणारं मूल डोळ्यांसमोर येतं. १९५० च्या दशकात शिसे उद्योगाच्या संघटनेनं हेच चित्र पुढे केलं आणि दोष आईबापांच्या अज्ञानावर ढकलला. पोपडे खाणारी मुलं असतातच, आणि त्यांची अवस्था फार वाईट होते. पण बहुसंख्य मुलांच्या रक्तात शिसं जातं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीतून.

ही धूळ कुठून येते? मुख्यतः खिडकीतून. जुन्या अमेरिकन घरांत तावदानं वर-खाली सरकतात. प्रत्येक वेळी खिडकी उघडली की रंगवलेलं लाकूड रंगवलेल्या लाकडावर घासतं आणि बारीक भुकटी खालच्या खाचेत पडते. तिथून ती कट्ट्यावर येते, कट्ट्यावरून जमिनीवर, आणि जमिनीवरून ओल्या बोटांवर. एक ते तीन वर्षांची मुलं दिवसभर हात तोंडात घालतात; ती त्यांची जग समजून घेण्याची रीत आहे. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शरीरात मुरतो, लहान मुलात जवळजवळ निम्मा. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त घेतं, आणि लोहाची कमतरता कुठल्या घरांतल्या मुलांत जास्त असते हे वेगळं सांगायला नको.

रक्तातलं शिसं महिन्या-सव्वा महिन्यात निम्म्यावर येतं, पण ते सगळं बाहेर पडत नाही. बरंचसं हाडांत जाऊन बसतं आणि दशकानुदशकं तिथेच राहतं. मुलगी मोठी होऊन गरोदर राहते तेव्हा हाडांतून कॅल्शियम सुटतं आणि त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही पुन्हा रक्तात येऊ शकतं. मेंदूवरचा परिणाम तर ताप उतरावा तसा उतरत नाही. शिसं रक्तातून खेचून काढणारी औषधं आहेत, पण ती साधारण ४५ च्या वरच्या पातळीला दिली जातात. २० ते ४४ या पट्ट्यातल्या ७८० मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये, या निकालाच्या काही महिने आधीच, प्रसिद्ध झाले. ती चाचणी झालेल्या चार शहरांत बाल्टिमोरही होतं. औषधानं रक्तातला आकडा उतरला, पण बुद्धीच्या आणि वर्तनाच्या चाचण्यांत काही फरक पडला नाही.

म्हणजे ३२ आकडा आलेल्या मुलीसाठी डॉक्टरांकडे देण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. लोह द्या, नीट जेवू घाला, आणि शिसं जिथून येतं ते थांबवा. पण ते जिथून येत होतं ती खिडकी आईच्या मालकीची नव्हती.

अभ्यास कशाचा होता

संशोधकांची बाजूही मांडायला हवी. ते कोणी बाहेरून आलेले उपरे नव्हते. केनेडी क्रीगरमधले डॉक्टर अनेक दशकं शिशानं बाधित मुलांवर उपचार करत होते. मूल रुग्णालयात बरं होतं, त्याच घरी परत जातं आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखल होतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. १९८० च्या दशकात याच मंडळींनी आणखी एक कडू गोष्ट दाखवून दिली होती. रंग जाळून आणि घासून काढायच्या जुन्या पद्धतीनं केलेल्या सफाईनंतर घरातली शिशाची धूळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती.

पूर्ण आणि नीट सफाईचा खर्च काही घरांच्या किमतीच्या पुढे जाई. एवढा खर्च सक्तीचा केला तर मालक घराला कुलूप लावून निघून जातील ही भीती होती, आणि बाल्टिमोरमध्ये ती खोटी नव्हती. फळ्या ठोकून बंद केलेल्या घरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या तिथे होत्या. म्हणून प्रश्न असा ठरला की कमी पैशांत केलेली डागडुजी कितपत उपयोगी पडते?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, पैशांवर हा अभ्यास उभा राहिला. घरांचे पाच गट होते. पहिल्या तीन गटांत दुरुस्तीचे चढते स्तर. पहिल्या स्तराला खर्चाची मर्यादा १,६५० डॉलर, दुसऱ्याला ३,५००, तिसऱ्याला ६ ते ७ हजार. चौथ्या गटात आधीच सफाई झालेली घरं आणि पाचव्यात १९८० नंतर बांधलेली, शिशाचा रंग नसावा अशी घरं. घरातली धूळ वेळोवेळी मोजायची आणि त्याच वेळी तिथल्या लहान मुलांचं रक्तही.

इथे माझा हात थबकतो. धूळ मोजून दुरुस्ती टिकली की नाही हे कळतं. मग रक्त कशाला? कारण दुरुस्ती ‘पुरेशी’ आहे का, हे शेवटी मुलाच्या रक्तावरून ठरणार होतं. निकालपत्रात नोंद आहे की मालकांना दुरुस्तीसाठी सरकारी कर्ज किंवा अनुदान मिळवायला मदत केली गेली, आणि ती घरं लहान मुलं असलेल्या कुटुंबांना भाड्यानं देणं हा योजनेचा भाग होता. जिथे मूल आधीपासून राहत होतं, तिथे ते राहावं असं प्रोत्साहन होतं. प्रश्नावली भरून देण्यासाठी आईबापांना छोट्या रकमा मिळत: सुरुवातीला ५ डॉलर, पुढे दर वेळी १५.

संमतिपत्रात शिसं घातक असतं हे लिहिलेलं होतं. रक्ताचे अहवाल देऊ आणि घराच्या तपासणीचा सारांश सांगून धोका कसा कमी करायचा तेही सांगू, असं आश्वासनही होतं. मात्र दुरुस्तीनंतरही घरात शिसं राहू शकतं आणि ते मुलाच्या अंगात किती जातं हाच अभ्यासाचा एक मोजमापाचा भाग आहे, हे आईला समजेल अशा सरळ शब्दांत नव्हतं, असं न्यायालयानं म्हटलं. ज्या घरमालकाला विचारलं तर उत्तर मिळत नाही, त्याच्या घरात कुणीतरी नामांकित संस्थेचं माणूस येतं, धूळ मोजतं, बाळाचं रक्त तपासतं, आणि काही असेल तर सांगू म्हणतं. कुठल्याही भाडेकरूला यात आधार वाटेल. पत्र येत नाही म्हणजे सगळं बरं आहे, असंच तिनं समजायचं, नाही का?

न्यायालयानं काय केलं आणि काय केलं नाही

खालच्या न्यायालयानं दावे सुनावणीआधीच निकाली काढले होते: संस्था संशोधक होती, मुलीला सावध करण्याचं कायदेशीर कर्तव्य तिच्यावर नव्हतं. वरच्या न्यायालयानं हे फिरवलं. संमतिपत्र हा करार ठरू शकतो, संशोधक आणि ज्याच्यावर संशोधन होतं ती व्यक्ती यांच्यात विशेष नातं निर्माण होऊ शकतं, आणि त्या नात्यातून सावध करण्याचं कर्तव्य येऊ शकतं. जिथे मुलाचा स्वतःचा काही वैद्यकीय लाभ नाही आणि इजेचा धोका आहे, अशा अभ्यासाला आईबापही मुलाच्या वतीनं संमती देऊ शकत नाहीत, असंही ते म्हणालं. या शेवटच्या वाक्यानं वैद्यकीय जगात खळबळ माजली. ऑक्टोबर २००१ मध्ये न्यायालयानं खुलासा केला की रोजच्या कुठल्याही गोष्टीत असतो तेवढा किमान धोका त्यात धरायचा नाही.

हे विसरू नये की या निकालानं कुणालाही दोषी ठरवलं नाही. खटले पुढे चालवण्यासाठी परत पाठवले, एवढंच. अभ्यासाच्या निष्कर्षांत तिन्ही स्तरांच्या दुरुस्तीनं धुळीतलं शिसं आधीपेक्षा घटल्याचं दिसलं, हेही नोंदवायला हवं.

निकालपत्रात टस्कीगीच्या सिफिलिस अभ्यासाशी, म्हणजे कृष्णवर्णीय रुग्णांना उपचार न देता त्यांचा आजार नुसता पाहत राहिलेल्या अभ्यासाशी, आणि नाझी छळछावण्यांतल्या प्रयोगांशी तुलना आली. एका न्यायमूर्तींनी निर्णय मान्य केला, पण या तुलनांपासून स्वतःला वेगळं ठेवलं. मला त्या न्यायमूर्तींचं पटतं. इतकी भीषण उदाहरणं आणली की वाचणारा म्हणतो, हे काही तसं नव्हतं, आणि विषय तिथेच संपतो. इथे जे घडलं ते फार साधं आहे, आणि म्हणूनच कुठेही घडू शकतं. नमुने घेतले गेले, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, आणि ज्या घरातून धूळ उचलली त्या घराला कळवण्याची घाई कुणालाही वाटली नाही. खिडकीची खाच ओल्या फडक्यानं पुसायला, पलंग खिडकीपासून दूर सरकवायला, कट्ट्यावर चिकटकागद लावायला नऊ महिने लागत नाहीत. एप्रिलमध्ये ९ असताना ते कळलं असतं तर ३२ टळले असते का, हे कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण आईला प्रयत्न करायची संधी तरी मिळाली असती.

मालक कुठे आहे?

या खटल्याच्या चर्चेत घरमालक जवळजवळ दिसतच नाही. सगळा प्रकाश संस्थेवर. म्हणून त्याच काळातला मेरीलँडचा दुसरा धागा शेजारी ठेवून पाहावा लागतो.

१९९४ मध्ये राज्यानं भाड्याच्या घरांतला शिशाचा धोका कमी करण्यासाठी कायदा केला. सुरुवातीला तो १९५० पूर्वीच्या भाड्याच्या घरांना लागू होता. मालकानं घराची नोंदणी करायची, ठरलेली कामं करायची, आणि बदल्यात त्याला संरक्षण मिळायचं. मुलाच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं तर मालक कुटुंबाला एक प्रस्ताव देऊ शके: वैद्यकीय खर्चासाठी ७,५०० डॉलरपर्यंत आणि दुसरीकडे राहायला जाण्यासाठी ९,५०० डॉलरपर्यंत. एकूण १७,०००. एवढं देऊ केलं की त्याच्यावर पुढे दावा चालायचा नाही. मुलाची आयुष्यभराची हानी आणि समोर १७,००० डॉलर. २४ ऑक्टोबर २०११ रोजी मेरीलँडच्या याच सर्वोच्च न्यायालयानं हे संरक्षण राज्यघटनेविरुद्ध ठरवलं, कारण दाद मागण्याचा हक्क काढून घेऊन बदल्यात दिलेली रक्कम अगदीच अपुरी होती.

तरी या कायद्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. भाडेकरू बदलताना, नवं कुटुंब आत येण्याआधी, घर सुरक्षित करण्याची जबाबदारी मालकावर आहे. २०१५ पासून ही कक्षा १९७८ पूर्वीच्या भाड्याच्या घरांपर्यंत वाढली. आज तिथे घरातल्या धुळीची तपासणी अधिकृत तपासनीसाकडून करून घ्यावी लागते. शिवाय धोका दुरुस्त होत नसेल तर भाडेकरू न्यायालयामार्फत भाडं मालकाऐवजी न्यायालयात जमा करू शकतो. हा हक्क वापरायला धीर लागतो. भाडं थांबवलं की घर खाली करण्याची नोटीस येईल ही भीती असते, आणि घर सोडून गेलं तर त्याच खिडकीपाशी महिनाभरात दुसरं मूल उभं राहतं.

रेषा खाली येत गेली

त्या मुलीचा पहिला आकडा ९ होता आणि तो ठीक मानला गेला, हे मनातून जात नाही. अमेरिकेत ही चिंतेची रेषा १९६० च्या दशकात ६० होती. मग ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. सुरक्षित अशी कोणतीच पातळी सापडलेली नाही हे आता उघडपणे सांगितलं जातं. धुळीच्या मर्यादाही तशाच उतरल्या. २००१ मध्ये ईपीएनं जमिनीवरच्या धुळीसाठी चौरस फुटामागे ४० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली, २०१९ मध्ये १०. २०२४ च्या नियमानुसार सफाईनंतर जमिनीवर ५ हून कमी राहिलं पाहिजे. आजच्या रेषेनं ९ आकडा आला असता तर पहिल्याच तपासणीनंतर घरी कुणीतरी गेलं असतं. पण अशा वेळीही तपासणी मुलाचीच आधी होते आणि घराची नंतर.

जुन्या घरात आज राहणाऱ्या भाडेकरूंसाठी यातून हाती येणारं काही आहे. खिडक्यांच्या खाचा आणि कट्टे कोरड्या झाडूनं झाडायचे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे आणि फडकं फेकून द्यायचं. जुना रंग कोरडा घासू द्यायचा नाही, जाळून काढू द्यायचा नाही. २०१० पासून १९७८ पूर्वीच्या घरांत पैसे घेऊन रंग उकरणाऱ्या कंत्राटदाराकडे शिशाच्या कामाचं प्रमाणपत्र असावं लागतं. ते मागायला संकोच करू नये. काम चालू असताना मुलं आणि गरोदर बाई घराबाहेर हवीत. मुलाची रक्ततपासणी ते एक वर्षाचं आणि दोन वर्षांचं झाल्यावर करून घ्यावी, आणि बोटाच्या टोचणीतून आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करावी. हे सगळं करूनही खिडकी तीच राहते, आणि ती बदलणं मालकाच्याच हातात असतं.

१९९२ च्या केंद्रीय कायद्यानुसार १९७८ पूर्वीचं घर भाड्यानं देताना मालकाला शिशाबद्दल जे ठाऊक आहे ते करारापूर्वी लिहून द्यावं लागतं. त्यासाठीच्या नमुन्यात एक चौकट आहे: आपल्याला काहीही माहिती नाही. ज्यानं कधी तपासणीच केली नाही तो मालक तिथे खूण करतो आणि त्याची खूण खरी असते, कारण तपासणी करण्याची सक्ती हा कायदा करत नाही. त्याच कायद्यानं घर विकत घेणाऱ्याला सही करण्याआधी तपासणी करून घेण्यासाठी दहा दिवस दिले आहेत. भाडेकरूला एकही नाही.